दुसरी फेरी

(पडदा काळा. एसटीचा हॉर्न, मग शांतता. विट्याच्या पुढचा माळ, नुकतं उजाडलेलं.)

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या या पट्ट्यात घरं मोठी आहेत. दोन मजली, गुळगुळीत फरशीची. आत माणसं मात्र दोन, कधी एकच. इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम घेऊन ती देशभरातल्या शहरांत पांगली. दुष्काळानं त्यांना गावाबाहेर काढलं आणि धंद्यानं तिकडंच ठेवून घेतलं. गावी येणं होतं ते जत्रेला, लग्नकार्याला. आई-बाप इथंच राहिले.

आज आपण ज्या घरी चाललोय तिथं ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात आणि त्यांची सून. मुलगा लांब, दुकानावर. ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन आला होता. म्हणून घरात छळ होतोय का ते बघणारं सरकारी पथक तिथं निघालंय. फोन कुणी केला, हे त्या घरात पथक सांगत नाही. आम्हीही विचारलं नाही. गाव कुठलं आणि चेहरा कुणाचा, हे या फिल्ममध्ये दिसणार नाही.

(ओसरी. फक्त हात दिसतात.)

आजींच्या मनगटावर काळंनिळं पडलंय. "न्हाणीत पाय घसरला," कुणी काही विचारायच्या आतच त्या सांगतात. पथकाच्या प्रमुख मॅडम त्यावर एक शब्द बोलत नाहीत. समाजकल्याण निरीक्षक सुनेबरोबर रेशनकार्ड बघायला आत जातात. तलाठी गोठ्याकडं वळतात. ओसरीवर दोघीच उरतात. कॅमेरा आम्ही रस्त्यावर नेला, माईकही बंद केला. पुढचं बोलणं आम्हाला नंतर कळलं, आजींना विचारून.

"आजी, तुमचं पासबुक कुणाकडं असतं?"

पहिला प्रश्न हा. मारलं का, उपाशी ठेवलं का, असं विचारलं की आई घर झाकायला लागते, हे मॅडमनी पंधरा वर्षांत शेकडो ओसऱ्यांवर पाहिलंय. पासबुकाबद्दल बोलायला लाज वाटत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यावर येतात. ते काढायला कोण जातं? अंगठा कुठं उठवला होता? गोळ्या कोण आणतं? रात्री हाक मारली तर कोण उठतं? असं एकेक विचारत गेलं की घर उलगडत जातं.

"बाजारला जाताना बाहेरनं कडी लावतीया," आजी शेवटी म्हणाल्या. "दुपारभर. पाणी न्हाई. हात दारात गावला."

मग लगेच, "पर पोराला कळवू नका, बाई. मला हितंच मरायचंय."

(सांगली, कार्यालयाचा जिना. फायलींचे गठ्ठे.)

अशा पथकाला वेगळी कचेरी नाही. कायद्यानं काम वाटून दिलंय. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा, त्याचे राज्यातले २०१० चे नियम. पोटगीचे दावे ऐकणारं निर्वाह न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडं, अपील जिल्हाधिकाऱ्यांकडं, आई-बापांची बाजू मांडायला समाजकल्याण खात्याचा अधिकारी, जिवाला आणि मालमत्तेला धोका असेल तर पोलीस. दिव्यांग माणसाचा छळ होत असेल तर २०१६ चा कायदा आणि कार्यकारी दंडाधिकारी. मानसिक आजार असलेल्या माणसाला घरात डांबलं किंवा हाल केले, तर २०१७ च्या कायद्यानं ठाणेदारानं ते दंडाधिकाऱ्यांना कळवायलाच हवं. प्रत्येकाचं टेबल वेगळं. ही टेबलं एका माणसासाठी एकत्र आणणं हेच मॅडमचं काम आहे, आणि मला विचाराल तर त्यांच्या कामातला सगळ्यात कठीण भाग हाच. हुकूम सोडून ते होत नाही. बीट अंमलदाराला, म्हणजे त्या भागाच्या पोलिसाला, त्या स्वतः फोन करतात. गावोगावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना नावानं ओळखतात.

मंगळवारी सकाळी बैठक असते. त्यात आकडे सांगायचे नसतात, एकेका घराबद्दल बोलायचं. नवीन आलेला निरीक्षक पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, प्रकरण निकाली काढलं." त्या म्हणाल्या, "ते प्रकरण नाही. ते तात्या आहेत, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. तू कुठल्या बाजूला बसला होतास?"

(तासगावच्या बाजूला द्राक्षबाग. वेलींमधून वाट.)

हे तात्या. बाग त्यांनी लावली, वाढवली आणि बक्षीसपत्रानं धाकट्याच्या नावावर केली. सातबाऱ्यावरनं नाव गेलं, त्यानंतर ताटातली भाकरी आटली. म्हाताऱ्या माणसाचे हाल बहुतेक वेळा असे कागदापासून सुरू होतात. ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ इथं कामी येतं: सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तशी अट होती हे दाखवावं लागेल. पुढं २ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबाही आईला परत द्यायला लावला. म्हणून मॅडम गावोगावच्या बैठकांत एकच गोष्ट घोळून सांगतात: सही करायचीच असेल तर सांभाळायची अट त्याच कागदावर लिहून घ्या. तोंडी वचन म्हातारपणी कुणाला दाखवणार?

तात्यांना जमीन परत नको होती. त्यांना पोटगी हवी होती आणि बागेत फिरायची मोकळीक. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निर्वाह भत्त्याचा निकाल लागायला हवा, फार तर ३० दिवस वाढवून मिळतात. भत्ता महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत. आदेश झाला, पैसे सुरू झाले. तिसऱ्या महिन्यात थांबले. हे कळलं कसं? निरीक्षक पुन्हा गेला म्हणून. तात्या स्वतः कधीच सांगायला आले नसते.

(मॅडमच्या टेबलावरची डायरी. पानांच्या कडा मळलेल्या.)

या डायरीत नावापुढं दोन तारखा आहेत. एक पहिल्या भेटीची. दुसरी परत जायची, ती आधीच लिहिलेली. ही सवय एका चुकीतून लागली. नोकरीच्या सुरुवातीला मॅडमनी एका आजोबांना छळाच्या घरातून त्याच दिवशी हलवलं, वृद्धाश्रमात चांगली खाट दिली, फाईल बंद केली. वर्तमानपत्रात फोटोही आला. दोन महिन्यांनी कळलं, आजोबांनी जेवण टाकलंय. ते रोज एकच विचारत होते, म्हैस कोण बघतंय. त्यांना घर सोडायचंच नव्हतं. त्यांना घरात मार नको होता. "मी त्यांना काय हवंय ते विचारलंच नाही," मॅडम म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. आम्ही तो शॉट कापलेला नाही.

नियम असं म्हणतो की पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवायची, म्हणजे ज्या घरात साठीच्या आतलं कुणीच नाही तिथली. आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यायची. मॅडमनी आपल्या यादीत एक रकाना वाढवला: स्वतः चालता येतं का. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. इशाऱ्याची पातळी ४० आणि धोक्याची ४५. माळ्यावर चढवून ठेवलेली म्हातारी माणसं तेव्हा ज्यांनी खाली उतरवली, त्यांना या रकान्याचं मोल सांगावं लागत नाही.

(पुन्हा तीच ओसरी. आठ दिवसांनंतर, न कळवता.)

दाराची बाहेरची कडी काढलेली आहे, चार खिळ्यांची भोकं दिसतात. आजींच्या हातावर आता पिवळट डाग उरलाय. पासबुक त्यांच्या उशाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. गेल्या वेळी गुन्हा नोंदवावा असं बीट अंमलदारांचं मत होतं. आजींनी नको म्हटलं. त्यांची बुद्धी ठिकाणावर आहे, त्यांचा निर्णय त्यांचाच, आणि तो बदलायचा झाला तर कुणाला फोन करायचा ते त्यांना पाठ आहे. मॅडमनी सुनेला तेव्हा सगळं स्पष्ट सांगितलं होतं: पुन्हा कडी लागली तर पुढचं ठाण्यात होईल. आशाताई दर गुरुवारी येऊन जातात.

आजी चहाचा आग्रह करतात. सून चहा ठेवते. निघताना ती फाटकापर्यंत येते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"एक सांगू का, मॅडम? रात्री चार-चारदा उठवत्यात. कपडे, गादी, समदं मीच. हे वर्षातनं धा दिवस येत्यात. बाजारला गेल्याबिगर चूल पेटत न्हाई आन् ह्या एकट्या बाहेर पडल्या की विहिरीकडं जात्यात. मी कुणाला सांगू?"

कडी लावणं चूकच होतं, हे मॅडम तिला पुन्हा एकदा सांगतात.

गाडी चालू झालेली असते. मॅडम ड्रायव्हरला हातानं थांबा म्हणतात, फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसतात, डायरीचं कोरं पान उघडतात.

"बस. तुझं नाव सांग आधी."