प्रबंधातली टक्केवारी कशी वाचावी

श्रोतेहो, नमस्कार.

पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात दाखल करताना त्याला एक अहवाल जोडावा लागतो. प्रबंधातला मजकूर आधीच्या प्रबंधांशी, लेखांशी, संकेतस्थळांशी किती जुळतो, याची टक्केवारी त्यावर असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळले तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर दुरुस्त प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. साहजिकच विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघेही त्या एका आकड्याकडे पाहतात, आणि अहवाल न उघडताच सही होते.

संगणक फक्त शब्दांचा क्रम ताडतो. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाण समीकरणे मोजणीतून वगळायची असतात. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही. तपासणीआधी हे वगळले नाही, तर प्रामाणिक विद्यार्थ्याचा आकडा विनाकारण फुगतो. याउलट इंग्रजी पुस्तकातले आख्खे प्रकरण मराठीत उतरवून मूळ लेखकाचे नाव गाळले, तर शब्द जुळतच नाहीत. आकडा खाली राहतो आणि चोरी पचते.

मराठी प्रबंधांत आणखी एक गोम आहे. अनेक प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर आपल्याला ‘समाज’ दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. युनिकोडमधल्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतातल्या, ‘समाज’शी ती जुळणार कशी? नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो, पानांची छायाचित्रे असतात. अशा प्रबंधाला २ टक्के साम्य आले, तर यंत्राला तो वाचता आला नाही एवढेच त्यातून कळते. खात्री करणे सोपे आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हे आली किंवा काहीच आले नाही, तर तो अहवाल बाजूला ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा आणि मगच पुन्हा तपासणीला द्या. ग्रंथपालांनी फाइल स्वीकारतानाच ही चाचणी घेतली पाहिजे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

मार्गदर्शकांनी अहवालात जुळणारा मजकूर रंगवून दाखवलेली पाने एकेक करून पाहावीत. व्याख्यांमधले विखुरलेले ९ टक्के वेगळे आणि निष्कर्षांच्या प्रकरणात एकाच लेखातून सलग उचललेले ९ टक्के वेगळे. आरोप झाला तर त्याची छाननी माणसांनीच करायची, ही विनियमांतली तरतूद आहे. त्यासाठी विभागीय समितीत विभागप्रमुख, विभागाबाहेरचे ज्येष्ठ अध्यापक आणि तपासणीची साधने जाणणारी व्यक्ती असते.

आणि श्रोतेहो, तुम्हालाही हे पाहता येते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध वाचायला खुले आहेत. आपल्या तालुक्यावर, आपल्या पिकावर, आपल्या बोलीवर कोणी संशोधन केले असेल, तर ते उघडा. एखादे वाक्य ओळखीचे वाटले, तर ते अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहा.