व्याख्यानमालेचा स्वतःचा व्हिडिओ सर्व्हर

मित्रहो,

गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड इथल्या अनेक मंडळांकडे आणि ग्रंथालयांकडे आज व्याख्यानांच्या चित्रफितींचा मोठा साठा आहे, पण तो बहुधा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर चढवलेला असतो. तो कार्यकर्ता परगावी गेला, पासवर्ड हरवला किंवा सेवा देणाऱ्या कंपनीने धोरण बदलले, की संस्थेचा आपल्याच ठेव्यावरचा ताबा सुटतो. गूगलचे ऑर्कुट हे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले आणि गूगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण 1 जून 2021 पासून थांबवली. दोन्ही निर्णय जाहीर सूचना देऊन घेतले गेले, परंतु त्यात वापरणाऱ्यांना मत नव्हते. म्हणून ज्या संस्थेचे ध्वनिचित्रमुद्रण, तिच्याच ताब्यात त्याचा सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून व्हिडिओ पुरवणारा संगणक, असावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी स्वतःच्या सर्व्हरवरून व्हिडिओ प्रसारित करणारी पीअरट्यूब ही मुक्त प्रणाली मला सर्वांत योग्य वाटते. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट ही ना-नफा संस्था ती विकसित करते आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती 2018 साली आली. घरातल्या घरात चित्रपट पाहायचे असतील तर जेलीफिन उत्तम आहे, परंतु जाहीर प्रसारण हे त्याचे काम नव्हे. पीअरट्यूबचे वैशिष्ट्य असे की, एकच व्हिडिओ अनेक जण एकाच वेळी पाहत असतील तर त्यांचे ब्राउझर व्हिडिओचे तुकडे परस्परांना पुरवतात आणि सर्व्हरवरचा भार हलका होतो. अर्थात त्यामुळे प्रेक्षकांचे आयपी पत्ते, म्हणजे त्यांच्या इंटरनेट जोडणीचे क्रमांक, एकमेकांना दिसू शकतात. ज्यांना हे नको असेल त्यांनी ती सोय बंद ठेवावी.

आता यंत्र कुठे ठेवायचे? कार्यालयातल्या जुन्या संगणकावरच सर्व्हर चालवू, अशी सूचना हमखास येते. मी ती स्वीकारू नये असे म्हणेन. बऱ्याच घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत थेट पोचताच येत नाही. शिवाय आपल्या शहरात तळमजल्यावरच्या खोलीत काय होऊ शकते, हे 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत पडलेल्या 944 मिलिमीटर पावसाने दाखवले आहे. तेव्हा डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने घ्यावा. कार्यालयात मूळ फायलींची हार्ड डिस्क ठेवावी, तीही वरच्या कपाटात, आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या उपनगरात असावी.

साठवणीचा हिशेब मात्र बारकाईने करावा. दीड तासाचे व्याख्यान सेकंदाला 5 मेगाबिट या दराने साठवले तर सुमारे 3.4 जीबी जागा लागते. दीड मेगाबिटने साधारण 1 जीबी. आणि नुसता आवाज 64 किलोबिटने ठेवला तर अवघे 43 एमबी. व्याख्यानात एक माणूस उभा राहून बोलत असतो, त्यामुळे मधला दर पुष्कळ झाला. पण केवळ आवाजाची प्रत अवश्य द्यावी, कारण विरारच्या लोकलमध्ये उभ्याने ऐकणाऱ्याला चित्राची गरज नसते. पन्नास जण एकाच वेळी दीड मेगाबिटची प्रत पाहू लागले, तर परस्पर देवाणघेवाण नसताना सर्व्हरला सेकंदाला 75 मेगाबिट बाहेर पाठवावे लागतात. या निरनिराळ्या प्रती एफएफएमपेग ही प्रणाली बनवते आणि प्रोसेसरवर सर्वाधिक ताण त्याच वेळी येतो. ते काम रात्री लावलेले बरे.

प्रत्यक्ष मांडणीचे टप्पे अधिकृत मार्गदर्शिकेत दिलेले आहेत, ते मी इथे वाचून दाखवत नाही. दोन ठिकाणी मात्र हमखास अडायला होते. एक, सर्व्हरवर येणाऱ्या मागण्या हाताळणारी एन्जिनएक्स ही प्रणाली मुळात 1 एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही; पीअरट्यूबसोबत येणाऱ्या नमुना फाइलीत ही मर्यादा वाढवलेली असते, म्हणून तीच वापरावी. दुसरी अडचण खास आपली आहे. लिनक्सच्या एक्स्ट-फोर फाइल प्रणालीत फाइलीच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा असते आणि युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. काना, मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जात असल्याने ‘व्याख्यान’ एवढ्या एका शब्दाचे 27 बाइट होतात. वक्त्याचे नाव, विषय आणि मालेचे नाव असे सगळे फाइलीच्या नावात कोंबले की ती जतनच होत नाही. फाइलीला तारीख आणि क्रमांक द्यावा, आणि पूर्ण मराठी शीर्षक पीअरट्यूबच्या शीर्षकाच्या रकान्यात लिहावे.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क सामान्यतः भाषण करणाऱ्याचा असतो. सभागृह आपले आणि कॅमेरा आपला म्हणून तो संस्थेकडे येत नाही. तेव्हा निमंत्रणासोबतच वक्त्याची लेखी संमती घ्यावी आणि जुन्या ध्वनिचित्रमुद्रणांसाठी वक्त्यांशी किंवा त्यांच्या वारसांशी पत्रव्यवहार करावा.

शेवटी ताब्याविषयी. डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि सर्व्हरचे खाते संस्थेच्या नावाने व संस्थेच्या ईमेलवर असावे, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत, आणि वर्षातून एकदा बॅकअपवरून सर्व्हर प्रत्यक्ष उभा करून पाहावा. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर दरवर्षी आली पाहिजे, म्हणजे सचिव बदलले तरी ती चुकणार नाही.