घोरणं थांबतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. झोपेच्या तक्रारी पुष्कळ असतात. कुणाला ती लागतच नाही, कुणाचे पाय अंथरुणावर पडलं की वळवळायला लागतात. अशा पायवाल्यांनी रक्तातलं लोह तपासून घ्यावं, एवढं सांगून पुढे जातो. मला आज बोलायचंय घोरण्याबद्दल, आणि त्याहून जास्त, घोरणं मध्येच थांबतं त्याबद्दल.

मागे बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढे एका लग्नाला गेलो होतो. वऱ्हाड आदल्या रात्रीच मुक्कामाला. हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या, एका बाजूला आम्ही पुरुष, पलीकडे बायका. बारापर्यंत डीजे. हळदीला डीजे कशाला लागतो कोण जाणे; हलगी होती, सनई होती, काय वाईट होतं? असो. डीजे बंद झाला आणि नवऱ्या मुलाचे मामा सुरू झाले. उसाचा ट्रॅक्टर चढाला लागावा तसा आवाज. आणि मग एकदम शांत.

कडेचा एकजण म्हणाला, "सुटलो रे बाबा!" मी मात्र उठून बसलो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायला लागलो. दहा सेकंद. वीस. तीस. छाती-पोट हलतंय, पण नाकातोंडातून वारा नाही. चाळीस झाले आणि मामा दचकले, घशातून खर्रकन मोठा श्वास ओढला, कूस बदलली, की पुन्हा ट्रॅक्टर.

तेवढ्यात पलीकडून मामी आल्या, उशाशी बसल्या. "डॉक्टर, तुम्ही झोपा की. थांबलं की मी ढोसतो त्येंस्नी. रोजचंच हाय."

रोजचंच! म्हणजे ही बाई रोज रात्री नवऱ्याच्या श्वासावर पहारा देत होती.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडताना मामा खुर्चीत डुलत होते. लोक म्हणाले, जागरण झालंय. मामी म्हणाल्या, "सीमाप्रश्नाच्या सभेतबी झोपत्यात." त्यावर शेजारचा म्हणाला, तिथं आता सगळेच झोपतात. तो विषय वेगळा, त्यावर मी बोलायला लागलो तर वेळ पुरायचा नाही. पण पुढं कळलं की मामा पहाटे भाजीचा टेंपो घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जातात. तेव्हा मात्र मला घाम फुटला.

तर श्रोतेहो, घोरणं थांबलं म्हणजे माणूस शांत झोपला असं नव्हे. पुन्हा सांगतो, घोरणं थांबलं म्हणजे शांत झोप नव्हे, श्वास थांबलेला असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला दचकवून जागं करतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. डोकं जड, तोंड कोरडं, रात्री लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, ही लक्षणं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

तपासणी रात्रभराची. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडला, तर तो एकदा मोजायचा. तासाला पाचच्या आत ठीक, तीस आणि वर म्हणजे गंभीर. म्हणून डॉक्टरकडे जाताना शेजारी झोपणाऱ्याला बरोबर न्या. घोरणाऱ्याला स्वतःचं काहीच माहीत नसतं.

वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद, याने फरक पडतो. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने झोपेची गोळी आणू नका. अशा माणसाचा घसा तिने आणखी सैल पडू शकतो. लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल दाखवा. जास्त त्रास असेल तर सीपॅप मशीन. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ते जगापुढे आणलं. मास्कमधून हवेचा दाब येतो, घसा उघडा राहतो. बस्स, एवढंच.

मामांनी मशीन घेतलं. पहिले काही दिवस मास्क काढून फेकायचे, नातवंडं हत्ती म्हणून हसायची. आता टेंपो चालवताना डोळा लागत नाही म्हणतात. तक्रार एकच, पावसाळ्यात खानापूरकडं लाईट जाते. त्यांना इन्व्हर्टर घ्यायला सांगितलंय. तुमच्याकडंही मशीन असेल तर जून लागायच्या आधी ती सोय करा, आणि मास्क रोज धुऊन सावलीत वाळवा. नमस्कार.