टाका कुठे हवा, कुठे नको

नमस्कार मैत्रिणींनो. बाळंतपणाला वर्ष उलटलं तरी गॅस अडवता येत नाही, पातळ शी असली तर बाथरूम गाठेपर्यंत दम निघत नाही. ही तक्रार घेऊन आलेली बाई डॉक्टरांना आधी कंबरदुखीच सांगते. पहिल्याच वाक्यात खरं सांगून टाका, यावर ऑपरेशन आहे.

बाळाचं डोकं बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा फाटू शकते. फाटण्याच्या चार पायऱ्या. पहिल्या दोन कातडी आणि वरच्या स्नायूंच्या. तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू तुटतो, चौथीत आतलं अस्तरही. लगेच ओळखून शिवलं तर उत्तम. तेव्हा राहून गेलं, तर मात्र सूज उतरून जागा मऊ व्हायला तीन ते सहा महिने थांबतात. डॉक्टर गुदद्वारात बोट घालून ‘आवळा’ म्हणतात, लाजू नका. पकड किती उरलीय ते तिथेच कळतं.

ऑपरेशनमध्ये जुना व्रण उघडतात. तुटल्या स्नायूची टोकं ताणलेलं रबर तुटावं तशी दोन्हीकडे आत ओढली गेलेली असतात. बाहेरून तिथे दोन खळ्या दिसतात. ती टोकं शोधून, मोकळी करून जोडायची, खरं कसब तिथे. मग मधले स्नायू, मग योनीची आणि बाहेरची त्वचा. योनीच्या तोंडातून दोन बोटं सहज जायलाच हवीत. ‘नवऱ्यासाठी एक टाका जास्त’ असं कुणी गमतीनं म्हणालं तर तिथेच थांबवा. त्याच टाक्यापायी पुढे संबंधाच्या वेळी जीव नकोसा होतो.

टाके उसवतात ते बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, जंतुसंसर्गानं किंवा कडक शीनं. म्हणून शी मऊ ठेवणारं औषध चुकवू नका, कुंथू नका, पुढून मागे धुवा आणि मऊ कापडानं टिपा. सहा आठवडे संबंध नको, भरलेली बादली नको, स्कूटरही नको. पुण्यातला प्रत्येक स्पीडब्रेकर थेट टाक्यांवर बसतो.

आता दिसण्याचं. योनीच्या तोंडाशी असलेले आतले ओठ लांब आहेत, काळपट आहेत, एक मोठा नि एक लहान आहे, म्हणून मुली ऑपरेशन मागतात. लंडनमध्ये ५० बायकांची मोजमापं घेतली होती, ती २००५ साली छापून आली. आतल्या ओठांची रुंदी ७ पासून ५० मिलिमीटरपर्यंत निघाली! अठराच्या आत तर हात लावूच नये, वाढ चालू असते. जीन्समध्ये, सायकलवर खरोखर काचत असेल तर विचार करावा.

तेव्हाही एक बघा. कुठे कापायचं त्याच्या खुणा भुलीच्या इंजेक्शनआधी आणि ओठ न ताणता करायला हव्यात. इंजेक्शननं जागा फुगते, ताणलं की जास्तीचं कापलं जातं. शिंपी ब्लाउजला माया ठेवतो ती याचसाठी. कडेनं कापलं तर व्रण कडेवर राहतो. मधली खाप काढून जोडलं तर कड मूळची राहते, पण जोड उसवायची भीती जास्त.

आणि ‘योनी घट्ट करणारा’ लेझर? अमेरिकेच्या औषध नियामकानं जुलै २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला, भाजणं, व्रण आणि कायमचं दुखणं नोंदवून. सैलपणा वाटत असेल तर आधी तीन महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करा, फिजिओथेरपिस्टकडून शिकून. लघवी रोखल्यासारखं आत ओढायचं, पाच-सहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या मात्र हलू द्यायच्या नाहीत.