धुराआड दडलेलं पिंप

मंडळी, ग्लासांना अजून हात लावू नका. आधी समोर काय आहे ते समजून घेऊ.

उजवीकडे लागाव्हुलिन या धुरकट चवीच्या स्कॉच व्हिस्कीची 2023 सालची बाटली आहे: वय 12 वर्षं, मद्यार्क 56.4 टक्के, शेवटचा मुक्काम डॉन हुलिओ आन्येहो टकीलाच्या (मेक्सिकोची, पिंपात मुरवलेली दारू) रिकाम्या लाकडी पिंपांत. स्कॉचला अशी पिंपं वापरायची मोकळीक 2019 मध्ये मिळाली. आलुबुखार, चेरी अशा कोयीच्या फळांच्या दारूची पिंपं अजूनही चालत नाहीत. डावीकडे त्याच डिस्टिलरीची नेहमीची 8 वर्षांची, 48 टक्क्यांची. ही डावी बाटली नसेल तर उजवीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पिंपाने काय दिलं हे कळायला पिंपाआधीची चव माहीत हवी. वयातला 4 वर्षांचा फरक मात्र ध्यानात ठेवा: कोवळ्या व्हिस्कीत धुराचा वास-चव जास्त असते. म्हणून उजवीकडे धूर मवाळ लागला, तर त्याचं सगळं श्रेय टकीलाला देऊ नका.

आता पाणी. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. 56 आणि 48 टक्क्यांची तुलना म्हणजे निव्वळ जळजळीची तुलना. दोन्ही 46 वर आणा. सुई नसलेल्या सिरिंजने 20 मिली व्हिस्की मोजा, उजवीत 4.5 मिली पाणी, डावीत 0.9 मिली. व्हिस्कीतला धूर येतो तो पीटचा, म्हणजे धान्य वाळवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा; त्या धुराचा एक मुख्य रेणू ग्वायकॉल. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर केलेल्या गणितात तो 45 टक्क्यांपर्यंत द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो आणि 59 च्या वर आत ओढला जातो असं दिसलं. नळाचं पाणी मात्र नको. त्यातलं क्लोरीन फिनॉलला (ग्वायकॉलसारख्या धुराच्या रेणूंना) भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि मग तुम्ही दवाखान्याच्या वासाचं खापर उगाच आयलाच्या (लागाव्हुलिनचं स्कॉटिश बेट) पीटवर फोडता. बाटलीबंद, कमी क्षारांचं पाणी घ्या. बर्फ तर नकोच. ग्लासांवर ताटली ठेवून 15 मिनिटं थांबा.

ताटली काढलीत? आता वास घ्या, तोंड किंचित उघडं ठेवून. पहिल्यांदा फक्त धूर येईल: डांबर, आयोडीन, विझलेली चूल. त्याच्याशी झगडू नका. पाच-सहा वेळा हुंगलं की नाक फिनॉलला सरावतं, धूर मागे सरतो आणि त्याच्या आडचं दिसू लागतं. धूर गेला म्हणून ग्लास खाली ठेवणाऱ्यांचा खरा भाग तिथेच हुकतो. कॉफीचे दाणे हुंगून नाक ताजं करण्याच्या फंदात पडू नका. धूर परत हवा असेल तर दोन मिनिटं मोकळी हवा घ्या.

त्या अवस्थेत शोधायचं काय? टकीला ज्यापासून बनते त्या निळ्या अगेव्हचा गड्डा भाजला की येणारा गोडवा, आपल्या भाजलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारा. (आपल्याकडे बांधावर दिसणारी घायपात त्याच कुळातली.) सोबत हिरवी झाक, मिरी, लिंबाची साल. व्हॅनिला सापडला तर लगेच टकीलाच्या नावावर टाकू नका. आन्येहोची पिंपं बहुधा आधी बर्बनला (अमेरिकन व्हिस्कीला) वापरलेली अमेरिकन ओकची असतात, तेव्हा व्हॅनिला त्या लाकडाचाही असू शकतो. हिरवी, मिरीसारखी झाक डावीकडे नसेल आणि उजवीकडे असेल, तरच ती पिंपाची म्हणा.

घोट लहान घ्या, दहा सेकंद जिभेवर फिरवा, गिळा, मग नाकाने श्वास सोडा. पिंपाची खूण बरेचदा या श्वासात पकडता येते.

शेवटी परीक्षा. शेजाऱ्याला तीन ग्लास भरायला सांगा, दोन एकाचे, एक दुसऱ्याचा, रंग दिसू नये म्हणून दिवा मंद. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून निदान तीन फेऱ्या करा, प्रत्येक ग्लासात 5 मिलीच. लेबल वाचून टकीला सापडणं फार सोपं असतं.