शुनेमकरणीचा दावा

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘बायबलमधील एक निश्चयी स्त्री’ असा छापलाय. मी कळवला होता ‘शेतजमिनीचा एक जुना दावा’. संयोजकांनी तो बदलला, बहुधा श्रोते यावेत म्हणून. आलात, बरं झालं. पण माझी उमर दिवाणी कोर्टात गेली, तेव्हा दाव्यापर्यंत तुम्हाला नेणारच.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात ही बाई येते. नाव दिलेलं नाही. गाव शुनेम, म्हणून शुनेमकरीण, जशी आपल्याकडे पेणकरीण किंवा रोहेकरीण. गाव इज्रेलच्या सुपीक खोऱ्यातलं. आज तिथे सुलाम नावाचं खेडं आहे. बाई सधन. अलीशा नावाचा संदेष्टा त्या वाटेनं जा-ये करायचा, त्याला ती आग्रहानं जेवायला थांबवून घ्यायची. (अलीशा हा एलीयाचा शिष्य. आपले कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, ज्या एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिदा करतात, तोच एलीया.) एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, “माळ्यावर त्यांच्यासाठी एक लहानशी खोली बांधू या.” यातल्या ‘बांधू या’चा अर्थ इथल्या विवाहित पुरुषांना समजावून सांगायला नको.

खोली झाली. आत पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा. मला यातलं मेज आणि दिवा फार आवडतो. पाहुण्याला नुसतं झोपवायचं नाहीये. रात्री त्याला काही काम असेल, हेही बाईनं बघितलंय. आपल्याकडे पाहुण्यांच्या खोलीत इस्त्रीचे कपडे आणि बंद पडलेला मिक्सर असतो.

अलीशाला वाटलं, हिचे उपकार फेडावेत. त्यानं गेहजी नावाच्या नोकरामार्फत विचारलं, “राजाकडे किंवा सेनापतीकडे तुझ्यासाठी शब्द टाकू का?” ती म्हणाली, “मी माझ्या लोकांत राहते.” म्हणजे वशिला नको, माझं माझ्या गावात चाललंय. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिला मूलबाळ नव्हतं. मुलगा होईल असं अलीशानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मला फसवू नका.” मुलगा झाला. मोठा झाला. सुगीच्या दिवसांत बापाकडे शेतात गेला आणि “माझं डोकं, माझं डोकं” करू लागला. गड्यानं उचलून घरी आणला. दुपारपर्यंत आईच्या मांडीवर होता, मग गेला.

तेव्हा ती रडली असं पुस्तक सांगत नाही. तिनं मुलाला वर नेऊन अलीशाच्या पलंगावर ठेवलं, दार लावून घेतलं आणि नवऱ्याकडे एक गडी आणि गाढव मागितलं. नवरा म्हणतो, “आज कशाला? आज ना नवचंद्र, ना शब्बाथ.” (म्हणजे ना अमावास्येनंतरचा सण, ना आठवड्याचा विश्रांतीचा दिवस.) पोराची चौकशी नाही, तिथी मात्र पाठ! ती म्हणाली, “शालोम.” ठीक आहे. एवढंच. आणि निघाली अलीशा होता त्या कर्मेल डोंगराकडे, पंचवीस-तीस किलोमीटर. गड्याला ताकीद, मी सांगेपर्यंत वेग कमी करायचा नाही. वाटेत गेहजी सामोरा आला: तू बरी आहेस ना, नवरा बरा, मुलगा बरा? “बरं आहे.” कारकुनाशी काय बोलायचं, साहेबांना भेटायचंय! थेट जाऊन तिनं अलीशाचे पाय धरले. गेहजी ढकलायला धावला. अलीशानं काठी देऊन त्याला पुढे पिटाळलं, पण ही जागची हलेना. “तुम्हाला सोडून मी जाणार नाही.” मुकाट उठावं लागलं त्याला. काठीनं काही झालं नाही. अलीशा स्वतः आला, तेव्हा मुलगा सात वेळा शिंकला आणि त्यानं डोळे उघडले.

आता माझी तक्रार. सगळे इथे थांबतात! प्रवचनं शिंकांवर संपतात. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनगॉगमध्ये, ही गोष्ट वर्षातून एकदा वाचतात, अब्राहामाच्या घरी पाहुणे येतात त्या भागाला जोडून; आणि सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, पद्धतीत वाचन तेविसाव्या वचनावर, त्या ‘शालोम’वरच थांबतं. मूल माळ्यावर तसंच. बाई म्हटली की आई, आतिथ्य, श्रद्धा. तिची जमीन होती हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्याकडे वेगळं काय आहे? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, केंद्रानं २००५ साली, आणि अजूनही बहिणी एका साडीवर हक्कसोडपत्राला अंगठा देतात. सही करणाऱ्या एकीला मी म्हटलं, ताई, वाचून तरी बघा. म्हणाली, “वाचलं तर भावाला वाईट वाटेल.”

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे दावा आता भरभर.

अध्याय आठवा. सात वर्षांचा दुष्काळ येतोय, घरदार घेऊन निघून जा, असं अलीशा तिला सांगतो. ती पलिष्ट्यांच्या देशात जाते. (दुष्काळात आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रूवरून मराठी बायबल करताना हे पान कसं उतरवलं असेल, असं मला वाटत राहतं. पण ते पुन्हा कधीतरी.) सात वर्षांनी परतली तर घर आणि शेत गेलेलं. नवऱ्याचा उल्लेख नाही. तो आधीच म्हातारा होता, वारला असावा.

ती राजाकडे गेली. राजाचं नाव दिलेलं नाही, पण क्रम पाहता हा अहाबाचा मुलगा योराम. अहाब म्हणजे ज्याच्यासाठी त्याच्या बायकोनं, ईजबेलनं, खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाचा जीव घेतला आणि मळा बळकावला, तो. नाबोथाचं गाव इज्रेल शुनेमच्या अगदी समोर. जमिनीच्या बाबतीत हे घराणं कसं आहे, ते हिला पुरतं ठाऊक असणार. तरी मुलाला बरोबर घेऊन ती त्याच दारात उभी राहिली. आणि आत कोण? गेहजी! तो राजाला हिचीच गोष्ट सांगत होता. पण राजानं तिलाही विचारलं आणि तिनं स्वतः सांगितलं. साक्षीदार मिळाला, तो नशिबानं. पण अर्ज तिचा होता.

हुकूम ऐका. राजानं एक अधिकारी नेमला: हिचं सगळं परत द्या, आणि ती देश सोडून गेली त्या दिवसापासून आजपर्यंतचं शेताचं उत्पन्नही. आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २०, नियम १२, ताबा आणि मधल्या काळाचं उत्पन्न. दुष्काळात पिकलं काय असेल, हा वेगळा प्रश्न. हिशोब तर मांडा! हे मिळवायला आज किती तारखा पडतात, ते विचारू नका.

आता ती सात वर्षं ते शेत कोण कसत होतं? पुस्तकात नाही. काही भाष्यकार म्हणतात, सरकारजमा झालं असेल. असेल. माझा संशय त्या ‘माझ्या लोकां’वर आहे, पण पुरावा नाही, त्यामुळे कामकाजात घेऊ नये.