पाच नाही, एकच रहस्य: आमच्या घरातली रात्रीची जपमाळ

(जपमाळ कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. ही माझ्या आजीची जपमाळ. लाकडी मणी, आणि इथे बघा, साखळी तुटली तेव्हा तिने मारलेली दोऱ्याची गाठ.

आजीच्या वेळी वसईत संध्याकाळी देवळाची घंटा झाली, की मुलं हातपाय धुऊन घरात. (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो बरं का.) येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे सगळं घर गुडघ्यावर. जपमाळेची पाचही रहस्यं (म्हणजे येशू आणि त्याची आई मारिया यांच्या आयुष्यातले प्रसंग, एकेकाला दहा मणी), वर लितानी (एकाने विनवणी म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं), आणि मग मोठ्यांचे आशीर्वाद घ्यायचे. गोव्यातल्या घरांत याला बेसांव म्हणतात.

आता माझं घर. हे विरार लोकलने लोंबकळत साडेआठला येतात, लेकीचा क्लास आठला सुटतो, कुकर नऊला. तरी मी हट्टाने पूर्ण जपमाळ धरली होती. वीस-पंचवीस मिनिटं. तिसऱ्या रहस्यापाशी ठरलेलं: "सरळ बस", "मोबाइल ठेव", "भावाला चिमटे काढू नकोस". एका रात्री लेक म्हणाली, "आई, नमो मारिया तू रागातच म्हणतेस." (नमो मारिया म्हणजे त्या दहा मण्यांवर म्हणायची मारियेची प्रार्थना.)

महिनाभर जपमाळ खुंटीवरच राहिली.

पुन्हा धरली ती एका रहस्यापुरती. एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मारिया, शेवटी त्रैक्याचा गौरव (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची स्तुती). पाच मिनिटं. सासूबाईंनी नाक मुरडलं, साहजिक आहे. पण रविवारची मिस्सा (देवळातली उपासना) चुकवू नये हा ख्रिस्तसभेचा नियम आहे, रोजच्या जपमाळेचा तसा नियम नाही. ती भक्ती आहे. मुलांना तिची धास्ती वाटायला लागली तर चूक माझी.

रहस्य कोणतं घ्यायचं? रहस्यांचे पाच-पाचचे चार गट आहेत, वार बघायचा. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये सुचवली, म्हणून आजीच्या जुन्या पुस्तकात ती सापडणार नाहीत.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते आनंदाचं पाचवं. बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो. आईबापांना वाटतं, असेल नातेवाइकांच्या घोळक्यात. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर लक्षात येतं, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना. मारिया विचारते, बाळा, असं का वागलास? तो उलट विचारतो, मला शोधत का होतात? आणि ही गोष्ट शुभवर्तमानात सांगणारा लूक सरळ लिहितो, की त्याचं बोलणं त्यांना कळलं नाही.

मारिया-योसेफलाही कळलं नाही! हे वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगू. मणी सुरू करण्याआधी मी मुलांना एवढंच विचारलं, "तुम्ही कधी हरवला होतात?" धाकट्याला जत्रेतला फुगेवाला आठवला. लेक बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "शाळा बदलली तेव्हा." ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. त्या रात्री दहा मण्यांना अर्धा तास लागला आणि कुणी घड्याळ बघितलं नाही.

तेव्हापासून सुरुवात मुलं करतात, आम्ही मागून म्हणतो. कुणासाठी म्हणायची तेही तेच ठरवतात. ऑक्टोबर जपमाळेचा महिना, तेव्हा मात्र शनिवारी पाचही रहस्यं, सासूबाईंच्या सुरात.

काल धाकट्याची पाळी होती. त्याने जाहीर केलं, "आजची गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यासाठी." मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर सावरला आणि पहिला मणी धरला.